मुकादम सरांचे आठ मिलिमीटर

परवा नाक्यावर रिक्षाची वाट बघत उभी होते. शेजारी दोघं जण बोलत होते. एक म्हणाला, "तो मुकादम रे, ज्याच्या मशीननं पोलादपूरकडची बाई गेली तो." दुसरा म्हणाला, "पळाला म्हणे गल्फला." माझ्या डोक्यात तिडीक गेली. मी त्याला म्हटलं, "काका, पळालेला माणूस दर तारखेला कोर्टात कसा उभा राहतो, ते जरा समजावून सांगा." त्याने माझ्याकडे बघितलं न बघितल्यासारखं केलं आणि रिक्षा आल्यावर माझ्याआधी जाऊन बसला. घरी आले तरी राग उतरेना. मला लिहायची सवय नाही, माझा हात सोल्डरिंगचा. पण लोकांच्या तोंडी सर असे राहणार असतील तर मला माहीत आहेत ते सर कुठेतरी उतरवून ठेवलेले बरे.

हनीफ मुकादम त्यांचं नाव. महाडच्या एमआयडीसीत पत्र्याची एक शेड होती, तिथे आम्ही झटका मशीन बनवायचो. शेताभोवती तार बांधायची, ती या मशीनला जोडायची. रानडुक्कर तारेला लागलं की क्षणभराचा झटका बसतो आणि ते पळतं, मरत नाही. माणूस लागला तर शिवी हासडून बाजूला होतो. काही मशीनं बॅटरीवर चालतात, काही घरच्या लाईटवर. लाईटवरच्या मशीनमध्ये घरची लाईट आणि शेतातली तार यांची गाठ कधीच पडता कामा नये. त्या दोघींना वेगळं ठेवतो तो आतला हिरवा बोर्ड. तो कॉम्प्युटरवर आखायचं काम सरांचं. मी बोर्डावर पार्ट बसवायचे आणि तयार मशीन तपासायचे.

सर उंच, हाडकुळे, पुढे वाकलेले. शारजात बरीच वर्षं हेच काम करून परत आलेले. मी त्यांच्या मुलीच्या वयाची, तरी मला कधी वैशाली म्हणाले नाहीत. "उतेकरबाई" म्हणायचे, आणि तेही रागावल्यासारखं. बिनदुधाचा चहा प्यायचे, त्यात लिंबू. कीबोर्ड दाढीच्या ब्रशने झाडायचे. त्यांच्या टेबलावर दोन वस्तू एकमेकींना चिकटलेल्या चालत नसत. मी मुद्दाम जाता जाता त्यांचा पेला पट्टीला टेकवून ठेवायचे. ते बोलता बोलता, माझ्याकडे न बघता, बोटाने तो बाजूला सारायचे. शेडमधल्या सगळ्या बायकांचा हा खेळ होता आणि सरांना तो कधी कळलाच नाही, किंवा कळून त्यांनी दाखवलं नाही.

माझ्या सुरुवातीच्या दिवसांत मी त्यांना विचारलं होतं, "सर, बोर्डाच्या मधोमध एवढी जागा रिकामी का सोडलीय? वाया नाही का जात?" सर उठले आणि मला शेडच्या मागे घेऊन गेले. फाटकाचं लोखंड पापुद्रे सुटून खाली पडत होतं. भिंतीला कमरेपर्यंत ओल. त्यांनी नखाने पापुद्रा काढून माझ्या हातावर ठेवला. म्हणाले, "पुस्तकातले अंतराचे तक्ते कोरड्या हवेतले आहेत, उतेकरबाई. ज्यांनी ते केले ते आपल्या श्रावणात इथे राहायला आले नव्हते. इथे बोर्डावर ओल बसणार, धूळ बसणार, मुंग्या घर करणार. त्यातून लाईट चालत जाते. म्हणून आठ मिलिमीटर. त्याच्या आत तांबं दिसलं तर मला हाक मारायची."

ते कसं करतात तेही त्यांनी पडद्यावर दाखवलं होतं. बोर्डावर तांब्याच्या रेघा असतात. उरलेल्या जागेत सॉफ्टवेअर एका बटणावर तांबं पसरवतं, वाफ्यात पाणी सोडावं तसं. त्या पसरणाऱ्या तांब्याने कुठल्या रेघेपासून किती लांब थांबायचं, ते आपण आधी सांगून ठेवायचं. यालाच क्लिअरन्स म्हणतात. सरांनी रेघांचे दोन गट केले होते. एक "मेन", म्हणजे घरची लाईट ज्यांच्यातून जाते त्या रेघा. त्यांच्यापासून आठ मिलिमीटर. दुसरा "सामान्य", बाकी सगळ्या. तिथे केसाएवढी फट पुरते. सगळं झालं की तपासणीचं बटण. सॉफ्टवेअर सगळा बोर्ड पाहून सांगतं, इतक्या चुका. सरांची यादी नेहमी शून्य यायची. शून्य आलं की ते खुर्चीत मागे टेकायचे आणि लिंबाच्या चहाला पैसे द्यायला खिशात हात घालायचे.

शेडच्या मालकाला, आमच्या शेठला, ही रिकामी जागा डोळ्यात सलायची. बोर्ड मोठा म्हणून डबा मोठा, डबा मोठा म्हणून खर्च जास्त. एकदा त्याने पुण्याहून एका इंजिनीअरला आणलं. चांगला हुशार होता तो, त्याने एका दुपारात बोर्ड निम्म्यावर आणून दाखवला. शेठ खूश. सरांनी त्या लहान बोर्डाचं एक मशीन माझ्याकडून तयार करून घेतलं, त्यावर चहाच्या पेल्यातलं पाणी शिंपडलं, मशीन लाईटला लावलं आणि बाहेर आलेल्या तारेचं उघडं टोक शेठपुढे धरलं. "हात लावा," म्हणाले. शेठ हसला. सर हसले नाहीत, तार तशीच धरून उभे राहिले. शेवटी त्या पुण्याच्या मुलानेच जाऊन बटण बंद केलं. तो विषय तिथेच संपला.

गावात पाणी भरलं त्या साली तर सरांच्या बायकोने, जुबेदाभाभींनी, त्यांना कायमचा बोल लावला. सावित्री नदीचं पाणी दारात आलं तेव्हा सगळा मोहल्ला धान्य आणि गाद्या माळ्यावर चढवत होता आणि सर शेडवरून घरी आणलेला कॉम्प्युटर छातीशी धरून जिना चढत होते. भाभींचं शिलाईचं मशीन पाण्यात गेलं. पुढे मी ईदला शीरखुर्मा खायला गेले की भाभी हमखास म्हणायच्या, "बघ गो, ह्यांचं पहिलं लग्न त्या डब्याशी झालंय." सर गुपचूप वाटी संपवायचे.

हे सगळं एवढ्यासाठी सांगितलं, की हा माणूस हयगयीचा नव्हता. आता पुढचं लिहिताना माझा हात जड होतो.

पोलादपूरच्या बाजूला एका शेतकऱ्याच्या गोठ्यात आमचं एक मशीन जळालं. वीज पडली होती, मशीन पेटलं, गवताला झळ लागली. गुरं वाचली. सरांनी ते काळं झालेलं मशीन शेठच्या टेबलावर नेऊन ठेवलं आणि म्हणाले, आता आत फ्यूज पाहिजे. आत काही बिघडलं तर फ्यूज उडेल, मशीन मरेल, आग लागणार नाही. शेठने नको-नको केलं, पावसाळा तोंडावर, ऑर्डरी पडलेल्या. सरांनी ऐकलं नाही. कॉम्प्युटरवर बोर्ड उघडला, लाईट जिथून आत येते तिथे रेघ तोडली आणि मध्ये फ्यूज बसवला. तांबं परत भरलं. तपासणी केली. शून्य. फाईल गेली, बोर्ड आले, मी मशीनं बांधली, कोरड्या बाकावर तपासली, सगळी चोख चालली. मालाच्या पेट्या पोलादपूरच्या दुकानदाराकडे गेल्या.

भाद्रपद संपत आला तेव्हा बातमी आली. उमरठच्या वरच्या अंगाला एका वाडीत शेवंता चोरगे नावाची बाई भाताला लावलेल्या तारेला चिकटून गेली. मशीन आमचं होतं. शेडमध्ये सगळ्यांच्या तोंडचं पाणी पळालं. संध्याकाळपर्यंत दुसरी बातमी आली, की नवऱ्याने घरची लाईट सरळ तारेत सोडली होती. डुकरं मारायला असं करतात लोक, हे आमच्याकडे सगळ्यांना माहीत आहे. पोलिसांनी विचारलं तेव्हा नवरा म्हणाला, "माझ्या हातनंच झालं." त्याच्यावर केस झाली. शेठने देवाला नारळ फोडला.

आणि सर भडकले. एवढं बोलताना मी त्यांना कधी ऐकलं नव्हतं. "आपण इथे एकेका मिलिमीटरसाठी भांडायचं आणि ह्यांनी सरळ वायर टाकायची. बायको मारली त्या माणसाने. अशांना मशीन विकूच नये." शेडमधल्या कोणाला त्यात काही चुकीचं वाटलं नाही. मलाही नाही.

पुढच्या आठवड्यात पाचाडकडून एक मशीन परत आलं. शेतकरी म्हणाला, म्हैस तारेला लागली ती सुटलीच नाही, हे मशीन झटका देत नाय, धरून ठेवतंय. मी डबा उघडला. बोर्डावर फ्यूजच्या शेजारी एक तपकिरी रेघ जळत गेली होती. तांब्यापासून तांब्यापर्यंत. आणि तिथे आठ मिलिमीटर नव्हते. तिथे नख शिरेल एवढी जागा नव्हती.

मी हाक मारली. सर आले, भिंग घेतलं, बघितलं. मग सरळ कॉम्प्युटरपाशी गेले आणि मीही मागे गेले. त्यांनी बोर्ड उघडला आणि फ्यूजपलीकडच्या तांब्याच्या तुकड्यावर क्लिक केलं. बाजूला त्याची माहिती आली. गट: सामान्य.

रेघ तोडून मध्ये फ्यूज टाकला तेव्हा पलीकडचा तुकडा नवा झाला. नव्या तुकड्याला सॉफ्टवेअरने आपणहून नवं नाव दिलं आणि नव्या नावाला कोणीच "मेन" गटात घातलं नाही. म्हणून शेतातल्या तारेकडचं पसरणारं तांबं त्याच्या अगदी कडेला येऊन थांबलं. तपासणीने विचारलं, सामान्य गटाची फट आहे का? होती. म्हणून शून्य. पावसाळी ओल बसली आणि घरची लाईट त्या फटीवरून चालत तारेत गेली. फ्यूज उडाला नाही, कारण माणूस मरायला जेवढी लाईट पुरते तेवढीने फ्यूज उडत नाही.

सरांनी भिंग खाली ठेवलं. मग म्हणाले, "त्याने सरळ वायर टाकली नव्हती."

शेठला सांगितलं. शेठ वाईट माणूस होता असं मी म्हणणार नाही. त्याने त्याच दिवशी दुकानदाराला गाडी घेऊन पाठवलं, वाड्यावाड्यांतून ती सगळी मशीनं उचलून आणवली, बदली दिली. पाच-सात दिवस झोपला नसेल तो. पण त्या बाईचं नाव निघालं की तो हात जोडायचा. "मुकादम, ती केस मिटल्यात जमा आहे. नवऱ्याने कबूल केलंय. आपण बोललो तर शेड बंद, पंधरा घरं उघड्यावर, तुम्ही आत. बाई परत येणार आहे का?"

सर म्हणाले, "बाई नाही येणार."

एवढंच म्हणाले, म्हणून शेठला वाटलं पटलं. दुसऱ्या दिवशी सर माझ्या टेबलापाशी आले आणि म्हणाले, "उतेकरबाई, तुमची स्कूटर पोलादपूरच्या चढाला ओढते का?"

सर मागे बसले. मांडीवर प्लास्टिकच्या पिशवीत पाचाडचा तो जळका बोर्ड. पोलीस ठाण्यात आम्हाला बाकावर बसवलं. आधी साहेबांना कळेना, हा माणूस कोणाची तक्रार घेऊन आलाय. "म्हणजे कंपनीविरुद्ध?" सर म्हणाले, "माझ्याविरुद्ध." मग त्यांनी जप्त केलेलं मशीन बघायला मागितलं. हवालदाराने नको म्हटलं, मग साहेबांनी मान हलवल्यावर आणून दाखवलं. मशीनच्या खुंट्यांना कापलेल्या तारांची टोकं तशीच होती. सरांनी ती वाकून दोनदा पाहिली. तार तारेच्या खुंटीला, माती, म्हणजे अर्थची वायर, मातीच्या. प्लग घरच्या बोर्डात घालायचा तोच. कुठे काही सरळ जोडलेलं नव्हतं. त्या घाबरलेल्या घरात, एवढ्या पोलिसांत, ती टोकं वाकून बघायचं कोणाला सुचलं नव्हतं.

जबाब लिहून घेताना हवालदाराने आठ सेंटिमीटर लिहिलं. सरांनी ते खोडायला लावलं. साहेब म्हणाले, "मुकादम, घरी जाऊन वकिलाशी बोला आणि मग या. हे सगळं तुमच्या अंगावर येतंय." सर म्हणाले, "वकील सुधारून देईल, साहेब. मला सुधारलेलं नकोय." आणि सही केली.

बाहेर आलो तेव्हा मला वाटलं संपलं. मी स्कूटर महाडकडे वळवली. सर मागून म्हणाले, "तिकडे नाही. वाडीवर."

वाडी चढावर. स्कूटर खाली ठेवून पाऊलवाटेने गेलो. भात पिकायला आलेलं आणि कडेने डुकरांनी उकरून आडवं केलेलं, कारण तार आता नव्हती, नुसते खांब होते. शेवंताचे नवरे चोरगेदादा जामिनावर सुटून आलेले, पडवीत बसले होते. दाढी वाढलेली. घरात दुसरं कोणी नव्हतं. मुलगा महेश मुंबईला, आईचं कार्य उरकलं आणि गेला. त्यानेच ते मशीन घेऊन दिलं होतं बापाला, आणि बापाने लाईट सरळ टाकली असं ऐकल्यापासून तो बापाशी बोलत नव्हता. हे मला खालच्या घरातल्या बाईने वाटेत सांगितलं. सरांनीही ते ऐकलं.

दादांनी माझ्याकडे बघितलं. "तू उतेकरांची का गो?" मी हो म्हटलं, आमची वाडी पलीकडच्याच अंगाला. "आन हे?"

सरांनी चपला पायरीखाली काढल्या आणि उभ्यानेच बोलायला लागले. पाठ केल्यासारखं. माझं नाव हनीफ मुकादम. तुमच्या मशीनमधला बोर्ड मी आखला. त्यात माझी चूक झाली. दोन तांब्यांत जागा सोडायची ती राहिली, म्हणून घरची लाईट तारेत आली. तुमच्या हातून काही झालं नाही.

दादा ऐकत होते. आत कुठेतरी कोंबडी भांडी पाडत होती. मग त्यांनी विचारलं, "मी तार लावली ती बराबर होती?"

"बरोबर होती."

"त्या सकाळी खांब बदलला मी. पावसात. परत जोडली. तेव्हा उलटी गेली असंल, असं मी रोज म्हंतो."

"नाही गेली. मी पोलिसांकडे आत्ता बघून आलो. तार तारेच्या जागी होती, माती मातीच्या. एकदम बरोबर."

दादा पडवीच्या खांबाला धरून उठले. ते रडले नाहीत. मला वाटलं आता ते सरांच्या अंगावर धावून जातील, आणि मला त्यातही काही वावगं वाटलं नसतं. पण ते म्हणाले, "माज्या पोराला सांगा. माजा फोन त्यो उचलत नाय. तुमच्यावरनं लावा."

नंबर त्यांना तोंडपाठ होता. सरांनी लावला. अनोळखी नंबर म्हणून महेशने उचलला. सरांनी तेच सगळं पुन्हा सांगितलं, पहिल्या शब्दापासून, एकही शब्द कमी न करता. पलीकडे काहीच ऐकू येईना. सर म्हणाले, "महेश, ऐकताय ना? तुमच्या वडिलांची जोडणी बरोबर होती." मग पलीकडून काहीतरी बोलणं आलं, खूप वेळ चाललं, आणि सर मान खाली घालून "हो" म्हणत राहिले. "हो. हो. मीच." त्यांच्या कपाळावर घाम आला होता. शेवटी त्यांनी फोन दादांपुढे केला. "तुम्हाला मागतोय."

दादांनी फोन दोन्ही हातांत धरला. कानाला लावला आणि ओठ हलवत राहिले. मग एवढंच म्हणाले, "जेवलास का रे?"

आम्ही दोघं अंगणाच्या कडेला जाऊन उभे राहिलो. मला रडू आवरेना आणि सर समोरच्या खांबांकडे बघत होते. काही वेळाने दादा आले, फोन सरांच्या हातात दिला. त्यांचा आवाज आता वेगळाच होता, ठाम. म्हणाले, "तुमी आलात, सांगितलंत. माज्या पोराला माज्यापाशी आनलंत. ते इसरनार नाय मी." थांबले. "पन पुन्ना हितं येऊ नका. तुमाला बघितलं की ती दिसंल."

सर म्हणाले, "बरं."

त्यांनी वाकून चपला घातल्या. मी सांभाळून चला म्हटलं, वाट निसरडी होती, पण ते माझ्या पुढे झपाझप उतरायला लागले, उंच माणूस वाकून, हातात ती प्लास्टिकची पिशवी. मी मागून हाक मारली. त्यांनी मागे बघितलं नाही. मी खाली पोचले तेव्हा ते स्कूटरपाशी उभे होते, पाठ माझ्याकडे, दोन्ही हात सीटवर टेकलेले, आणि त्यांचं सगळं अंग हलत होतं.